कोपऱ्यातलं फाटक

"बॉल लांब गेला, का पोरगं कमी पडलं? एवढंच विचारतेय मी, आणि तू मला हवामान सांगत बसलायस!"

व्हर्लीन स्टोल्झनं हातातला रिमोट गादीवर आपटला. गादीच ती, आवाज कसला होणार. त्यामुळे ती आणखी भडकली.

"बॉल लांब गेला," कोच ओक्स म्हणाला. "सकाळपासून तेच सांगतोय. तुझ्या डोक्यात कापूस भरलाय त्याला मी काय करू?"

"कापूस नाही विकत मी. फोम विकते."

"तेच ते."

"तेच ते नाही!"

दोघं एका वर्गात शिकलेली, त्यामुळे भांडायला त्यांना कारण लागायचं नाही. पण आज कारण होतं. हॉलोवे गावच्या ड्रोव्हर्स टीमची नावं लीगला कळवायची होती, दुपारच्या आत. यादीत एकच जागा उरलेली. त्या जागेवर केंड्रेल मिम्सला परत घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न. टीम व्हर्लीनची, आणि टीमचं ऑफिस म्हणजे तिचंच गाद्यांचं दुकान. मीटिंगला येईल त्यानं प्लास्टिक न काढलेल्या पलंगावर टेकायचं आणि बूट वर घ्यायचे नाहीत.

लाइल कुबिक असाच एका डबल बेडच्या काठावर बसला होता. लाइल म्हणजे टीमचा क्वार्टरबॅक. बॉल फेकायचा तो यानं, पळत जाऊन झेलायचा तो केंड्रेलनं. लाइलचं वय पस्तिशीच्या पुढं. आठवडाभर तो गॅसचा टँकर चालवायचा आणि शनिवारी बॉल फेकायचा. मधल्या वेळात खांदा शेकायचा. भांडणात तो पडत नसे. प्लास्टिक चरचर वाजू नये म्हणून तो हलतही नव्हता.

"परत लाव," कोच म्हणाला.

व्हर्लीननं परत लावलं. टीव्हीवर लाइलचा हात वर गेला, बॉल सुटला, बॉल हवेत, बॉल कठड्यावरून पलीकडं, लोकांच्या अंगावर. एका बाईनं तो छातीशी धरला आणि नाचायला लागली. छपराखालच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये लोकांत गेलेला बॉल लोकांचा. मग कुठं केंड्रेल चित्रात आला, तोही हळूहळू, कमरेवर हात ठेवून.

"बघ. अर्ध्या गावाच्या दिवाणखान्यात माझे बॉल पडलेत," व्हर्लीन म्हणाली. "आणि याच्याकडं बघ. बागेत फिरायला आल्यासारखा येतोय. याच पोराला लोक वीज म्हणायचे ना? मांडीची शीर गेलीय त्याची. पक्कं."

"शीर बीर काही नाही. आपल्या लाइलचा अंदाज गेलाय. लाइल, राग मानू नकोस."

"नाही मानत," लाइल म्हणाला.

"विचिटा शहरात एक पोरगा आहे. तेविशीचा. हात असा आहे की बॉल सुटला की शिट्टी वाजते. ही जागा मी त्याला देतो. आपला लाइल बाकावर बसेल, पोराला शिकवेल. यात अपमान कसला?"

"आणि मिम्स?"

"जागा एकच आहे, व्हर्लीन. मिम्स घरी."

"आणि शीर गेली असेल तर?"

"तरी मिम्स घरीच. मग त्याच्या जागी दुसरा पळणारा बघू, आणि फेकायला आपला लाइल आहेच."

मग दोघंही लाइलकडं बघायला लागले. हे होणार हे लाइलला ठाऊक होतं. या टीमची जुनी रीत होती. झेलणारा ठेवायचा की नाही याचा शेवटचा शब्द फेकणाऱ्याचा. तो दर शनिवारी ज्याच्या भरवशावर मार खात उभा राहतो, तो माणूस त्यानंच निवडायचा. कोचनंही तोंड घालायचं नाही.

"बोल बाबा," व्हर्लीन म्हणाली. "बॉल लांब, का पोरगं कमी?"

पेच साधा होता. बॉल लांब गेला म्हटलं तर विचिटाचा पोरगा आला आणि लाइल बाकावर. पोरगं कमी पडलं म्हटलं तर पोरगं गेलं, लाइल वाचला. काय खरं ते लाइलला माहीत होतं. टीव्हीत ते दिसत नव्हतं, कारण कॅमेरा धरायचा व्हर्लीनचा भाचा, आणि तो पहिल्या दिवसापासून बॉलच्या मागं कॅमेरा फिरवत आलेला. बॉल कुठं जातो ते सगळं टिपलेलं. पाय कुठं थांबतात ते एकदाही नाही. आणि दर सोमवारी ही शहाणी माणसं तेच बघून निकाल लावायची.

"मी आत्ता त्याला हॉलवर बोलावलंय," लाइल म्हणाला. "चार बॉल फेकून बघतो. मग सांगतो."

"दोन सीझन फेकलेस, अजून चार कशाला?" कोच म्हणाला.

"चारच."

"आम्ही येतो मागून," व्हर्लीन म्हणाली. "आणि लाइल, उठताना प्लास्टिक फाडू नकोस."

* * *

जत्रेच्या मैदानावरचा हॉल. थंडीत तिथं बर्फावरची हॉकी, वसंतात जनावरांचं प्रदर्शन, मग ड्रोव्हर्सची फुटबॉल. काल मेंढ्यांचं प्रदर्शन संपलेलं. आतमध्ये वास घट्ट बसला होता आणि तीन-चार मेंढ्या गाडीची वाट बघत कोपऱ्यातल्या कठड्यामागं कोंडून ठेवलेल्या. हिरव्या गालिच्यासारखं खोटं गवत निम्म्या हॉलभर अंथरून झालं होतं, उरलेल्या गुंडाळ्या भिंतीला उभ्या. भोवती छातीएवढा कठडा, आणि कठड्याला बांधलेल्या गाद्या. प्रत्येक गादीवर व्हर्लीनच्या दुकानाचं नाव. लोक म्हणायचे, बाईनं टीम काढली ती गाद्यांची जाहिरात करायला. बाई म्हणायची, मग काय चुकलं?

केंड्रेल आधीच येऊन बसला होता. अंगात मांसाच्या कारखान्याचा पांढरा डगला, मांडीवर डबा. डब्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल तो तिखट चिलीत बुडवून खात होता. नेब्रास्कात सगळे तसंच खातात.

"म्हाताऱ्या, ये," तो म्हणाला. "खांद्याला तेल घालून आलास, का वाटेत गंजला?"

"तोंड पूस. मिशीला चिली लागलीय."

"आत्येनं दिलीय. म्हणाली, लाइलला दे. मी म्हटलं, त्याला दात कुठं आहेत."

पण तो एका जागी बसेना. डबा बंद केला, उघडला, परत बंद केला. पंचवीस वर्षांचा, शाळा मधेच सोडलेली, देवानं पाय तेवढे दिलेले. दोन टीमनी आधीच सोडलं होतं त्याला, तिसरी ही. इथं नाव गेलं की पुन्हा कुणी बोलावणार नाही, मग आयुष्यभर तो डगला आणि हाडं कापायचं मशीन. हे त्यालाही कळत होतं, म्हणून तोंड जास्त चालत होतं.

"काय म्हणतात तिकडं?" त्यानं विचारलंच. "घेतायत ना?"

"तुझ्याशी चार बॉल खेळून सांगणार म्हटलं."

"म्हणजे माझी परीक्षा? तू घेणार? अरे, तुझ्या त्या वाकड्या हाताच्या मागं पळून माझी वाट लागली, आणि परीक्षा माझी?"

"पळ," लाइल म्हणाला.

छपराखालच्या खेळात झेलणाऱ्याला आधीच पळत सुटायची मुभा असते. केंड्रेल मागून आला, लाइलच्या बाजूनं निघून गेला, आणि लाइलला नेहमीसारखं वाटलं की बाजूनं कुणी गेलंच नाही, नुसता वारा आला. असं पळणारं माणूस या गावानं पाहिलं नव्हतं. लाइलनं फेकला. बॉल माणसाकडं फेकत नाहीत, माणूस जिथं पोचेल तिथं फेकतात. बॉल बरोबर तिथं गेला. केंड्रेल गेला नाही. कठडा दोन पावलांवर आला आणि त्याचे पाय मरगळले. बॉल गादीला लागून खाली पडला.

"लांब टाकलास!" तो ओरडला.

"बरं."

दुसऱ्यांदा तेच. बॉल पलीकडं, मेंढ्यांत. एक मेंढी बें करून ओरडली.

"परत लांब! तिला घ्या टीममध्ये, तिच्या अंगावर तरी बरोबर टाकतोस!"

लाइलनं तिसरा बॉल उचलला. गेल्या वर्षीच्या एप्रिलमधलं त्याला आठवत होतं. याच कोपऱ्यात फाटक आहे, बर्फ घासायची गाडी आत-बाहेर करायला. बाकी कठडा लाकडी, पण फाटकाला लोखंडी बिजागऱ्या. तिथली गादी पट्ट्यांनी बांधतात, कारण हॉकीच्या दिवसांत ती रोज काढावी लागते. त्या शनिवारी केंड्रेल सुसाट गेला, बॉल झेलला, आणि फाटकावर आदळला. गादी कागदासारखी दबली. जो आवाज आला तो गादीचा नव्हता. पोरगं उठलं, हसलं, कठड्यावरून लोकांत उडी मारली, एका आजीच्या पुड्यातले पॉपकॉर्न खाल्ले. सगळे टाळ्या वाजवत होते. पुढच्या शनिवारपासून तो कठड्याच्या दोन पावलं आधी थांबायला लागला.

लाइलनं कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. या लोकांत माणूस घाबरला असं कुणी म्हणत नाही. मांडीची शीर म्हणतात. ज्याला गुडघ्याचं भय, त्याची शीर. ज्याला डोक्याला मार बसायचं भय, त्याचीही शीर. डॉक्टरसुद्धा मांडीला बर्फ लावून देतात आणि डोळ्याला डोळा देत नाहीत. घाबरला हा शब्द एकदा कुणी उच्चारला की तो माणूस संपला. मग त्याच्याशेजारी कपडे बदलायलाही कुणी उभं राहत नाही.

तिसरा बॉल लाइलनं आखूड टाकला. मुद्दाम. जिथं पाय थांबतात बरोबर तिथं, कठड्याच्या अलीकडं. केंड्रेल थांबला, वळला, बॉल छातीत. चौथाही तसाच. पाचवाही.

"आत्ता कसं!" केंड्रेल नाचला. "बघ, जमतं की नाही? शिकलास लेका म्हातारपणी!"

सहावाही छातीत बसला, आणि मग तो नाचायचा थांबला. हातातल्या बॉलकडं बघत राहिला. मग कठड्याकडं बघितलं. मग लाइलकडं.

"काय करतोयस तू?"

"फेकतोय."

"आखूड टाकतोयस. मुद्दाम टाकतोयस."

"हो."

"का?"

"तू तिथं असतोस म्हणून."

केंड्रेल चालत आला. चालत म्हणजे जवळजवळ अंगावरच आला. बॉल त्यानं लाइलच्या पोटात मारला, खोटं खोटं नाही, चांगला जोरात.

"दया करतोस माझ्यावर? तुझी दया नको मला! माझी मांडी आखडली होती!"

"मांडी ठीक आहे तुझी."

"शीर होती!"

"केंड्रेल, ज्याची शीर गेलीय तो एवढ्या पट्कन थांबू शकत नाही. शीर थांबतानाच तुटते."

पोरानं मुठी वळल्या. नाकपुड्या फुगलेल्या. लाइलला वाटलं, आता ठोसा येणार. आला असता तर त्यानं खाल्ला असता, आणि टँकरवर जाऊन बसला असता. पण पोरगं मागं सरलं.

"कोपऱ्यात टाक," केंड्रेल म्हणाला. "फाटकावर. पूर्ण लांब. बघतो मी."

"नको."

"टाक म्हणतोय ना!"

लाइलनं टाकला. पोरगं पळालं, दात आवळून, डोकं खाली घालून. फाटक आलं. पाय थांबले. त्यानं थांबवले नव्हते हे लाइलला इतक्या लांबून दिसलं. आपोआप थांबले. बॉल पलीकडं मेंढ्यांत गेला. या वेळी मेंढीसुद्धा ओरडली नाही.

केंड्रेल फाटकाशी उकिडवा बसला. गादीची पट्टी त्यानं ओढून बघितली, सैल होती. गादी बाजूला सारून बिजागरीवर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. लाइल जवळ गेला, पण फार जवळ नाही.

"ऐक," लाइल म्हणाला. "तुझ्या मागं जो पळत येतो ना, तो या कठड्यापर्यंत पळतो. त्याला वाटतं तू पण जाणार. तू दोन पावलं आधी थांबतोस आणि तो जातो सरळ गादीत तोंड घालून. गेल्या वर्षी पाच-सहा जण गेले असे. कुणी बघितलंच नाही, कारण बॉल दुसरीकडं होता. माझाच. मी अजून आदळायच्या आधीच्या केंड्रेलला फेकत होतो."

"म्हणजे मी घाबरट म्हणून खेळू."

"थांबणारा म्हणून खेळ."

"तेच ते."

"तेच ते नाही," लाइल म्हणाला, आणि आपण सकाळी हे कुठं ऐकलं ते त्याला आठवून हसू आलं. केंड्रेल हसला नाही.

* * *

व्हर्लीन आणि कोच आत आले तेव्हा भांडत नव्हते, म्हणजे गाडीतच भांडून आले होते. व्हर्लीननं नाक दाबलं.

"मेंढ्या अजून नेल्या नाहीत? माझ्या गाद्यांना वास लागेल. हां, लाइल. बॉल लांब, का पोरगं कमी?"

"घ्या त्याला," लाइल म्हणाला.

"हे उत्तर नाही झालं. मी काय विचारलं?"

"बॉल लांब जात होता. आता नाही जाणार. माझी चूक होती, काढली."

कोचनं हात पसरले. "मी काय म्हणत होतो! व्हर्लीन, ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं! मी विचिटाला फोन लावतो. आपला लाइल बाकावर."

त्यानं खरंच फोन काढला. लाइल त्या फोनकडं बघत होता. आपली जागा गेली, असं त्याला वाटलं. हेच होणार होतं, आणि आपण हेच बोलणार होतो का, हे त्याला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. खांदा मात्र एकाएकी दुखायचा थांबला. हरामखोर खांदा.

"खोटं बोलतोय तो," केंड्रेल म्हणाला.

"तू गप्प बस," लाइल म्हणाला.

"तू गप्प बस! माझ्यापायी तू बाकावर बसणार आणि मी जन्मभर तुझे उपकार वागवू? जा तिकडं!" तो व्हर्लीनकडं वळला. "बॉल बरोबर होते, मॅडम. सगळे. मी थांबतो. कठडा आला की थांबतो."

कोचनं फोन खाली केला. वर छताकडं बघितलं. घसा साफ केला.

"मांडीची शीर असेल," तो हळूच म्हणाला. त्यानं शब्द पुढं केला होता, बुडणाऱ्याला काठी करावी तसा. कोच तोंडाचा वाईट असला तरी माणूस वाईट नव्हता.

"शीर नाही, कोच. मी घाबरतो."

कोचनं खाली बघितलं. दोन सीझन ज्या माणसाला तो आरडून आरडून शिव्या घालत आला होता, त्याच्याकडं त्याला बघता येईना.

व्हर्लीन मात्र खेळलेली नव्हती, त्यामुळे तिला त्या शब्दाचं काही वाटलं नाही. "कशाला घाबरतोस?" तिनं विचारलं, डॉक्टरनं विचारावं तसं.

"त्या फाटकाला. गेल्या एप्रिलमध्ये आदळलो तेव्हापासून."

"फाटकाला? गादी आहे तिथं. माझी गादी आहे."

"गादी नाही ती, मॅडम. पापड आहे."

"ए! माझ्या गादीला नाव ठेवायचं नाही हं!"

ती तरातरा गेली फाटकापाशी. गादीवर अंगठा रोवला, जसा ती गिऱ्हाइकासमोर रोवते. अंगठा आत गेला आणि लगेच टक्‌कन लोखंडाला लागला. तिनं अंगठा काढला, तोंडात घातला. मग दोन हात बाजूला सरकून दुसऱ्या गादीवर रोवला. तिथं मनगटापर्यंत गेला. ती परत फाटकाशी आली आणि गादी उलटी करून शिवण बघायला लागली.

"ही माझी नाहीच," ती म्हणाली. "वर खोळ माझी आहे. आत हॉकीवाल्यांनी भलतंच काहीतरी कोंबलंय. आणि माझं नाव मिरवतायत? एप्रिलपासून?"

"तो आदळला तेव्हा आवाज ऐकला नव्हतास तू?" कोच म्हणाला.

"तू ऐकला होतास?"

"मी बॉल बघत होतो."

"तू कायम बॉलच बघ!"

मग ते दोघं परत सुरू झाले, आणि सगळ्यांना बरं वाटलं. कोचचं म्हणणं, थांबणारा झेलणारा काय कामाचा. लाइलनं त्याला कठड्याअलीकडच्या बॉलचं सांगितलं. कोचला ते पटेना, मग त्यानं स्वतःच केंड्रेलच्या मागं पळायचं ठरवलं. साठीचा माणूस, पोट पुढं. केंड्रेल थांबला, वळला, बॉल घेतला. कोच थेट गादीत गेला आणि तिथंच थोडा वेळ राहिला.

"दुकानाचं नाव वाचतोयस का?" व्हर्लीननं विचारलं.

कोच गादीतूनच म्हणाला, "घे त्याला."

"शब्द लाइलचा. लाइल?"

"घ्या म्हटलं की मघाशीच."

"मग बॉल आखूड पडला तर तुझ्या डोक्यावर."

"पडू दे. विचिटाचं काय?"

"जागा कुठंय?" व्हर्लीन म्हणाली, आणि पर्समधून कागद काढला.

सही करायला तिथं टेबल नव्हतं. केंड्रेलनं कागद गादीवर ठेवून बघितला, पेन आत गेलं, कागदाला भोक पडलं. दुसऱ्या गादीवर तेच. व्हर्लीन ओरडली, एकच कागद आहे, नीट! मग तो फाटकापाशी गेला. बिजागरीवर कागद धरला. तिथं पेन नीट चाललं. सही करून झाली तरी त्यानं कागद लगेच उचलला नाही, तळहात तसाच त्यावर दाबून उभा राहिला.

कोचनं आपला फोन पुसला आणि लीगला लावला. व्हर्लीन हॉकीवाल्यांना काय काय बोलणार ते मेंढ्यांना ऐकवायला लागली.

"म्हाताऱ्या," केंड्रेल म्हणाला. बॉल त्यानं उचलला होता आणि लाइलकडं फेकला. "अजून एक. इथंच, फाटकावर. आखूड नको. पूर्ण लांब."

"सही झाली की तुझी."

"सहीचं नाही विचारत. टाक."

तो मागं जाऊन उभाही राहिला, पाय रोवून, डगला काढून. लाइलनं बॉल हातात फिरवला. शिवण बोटाला लागली. खांदा परत दुखायला लागला होता. बाहेर त्याचा टँकर उभा, आणि नदीपलीकडं टर्की पाळणाऱ्या म्हाताऱ्याची गॅसची टाकी सकाळपासून रिकामी.

त्यानं बॉल गवतावर ठेवला.

"आपलं आखूडचं ठरलंय. मला आता निघायला हवं," तो म्हणाला, आणि निघाला.